बँकॉकमध्ये नोकरीनिमित्त मुक्काम: टीएम ३०, भाड्याचं घर आणि शाकाहारी स्वयंपाक

नवखा_प्रवासी

नमस्कार मंडळी. कंपनीमार्फत बँकॉकला किमान दोन वर्षांसाठी जायचं आहे. मला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा (नोकरीचा), पत्नीला नॉन-इमिग्रंट ओ (सोबतच्या कुटुंबीयाचा). घर आम्हालाच शोधायचं आहे. घरात मांस, मासे, अंडं काहीच चालत नाही.

टीएम ३०, ९० दिवसांचा रिपोर्ट, री-एंट्री परमिट ही नावं सगळीकडे दिसतात, पण कोणी काय आणि केव्हा करायचं याचा मेळ लागत नाही. भाडेकरार करताना काय बघायचं? विजेचा दर कुठे ४ बाट तर कुठे ८ बाट असं का? आणि बाहेर खाताना फिश सॉस टाळता येतो का, घरच्या स्वयंपाकासाठी इथून काय न्यावं? कृपया तपशिलात सांगा.

बांगनाकर

सगळ्यात आधी एक फरक पक्का करा. व्हिसा वेगळा, मुक्कामाची मुदत वेगळी. व्हिसामुळे फक्त दारापर्यंत जाता येतं; आत किती दिवस राहायचं ते पासपोर्टात मारलेल्या शिक्क्यावरची तारीख ठरवते. नॉन-बीवर आल्यावर साधारण ९० दिवसांचा शिक्का मिळतो. तेवढ्यात वर्क परमिट काढायचं आणि टीएम ७ अर्ज भरून मुदतवाढ घ्यायची. फी माणशी १,९०० बाट. पत्नीचा अर्ज वेगळा, पण तिची मुदत तुमच्या नोकरीला बांधलेली. नोकरी संपली की दोघांचीही मुदतवाढ संपते. त्यामुळे राजीनामा देताना शेवटच्या दिवसाची तारीख कंपनीशी बोलून, पुढची सोय लावूनच ठरवावी.

पत्नीच्या अर्जाला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तो भारतातून निघण्याआधीच परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्या आणि लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही, मग ते सोलताना कागद फाटतो. थाई भाषांतर बँकॉकमध्ये करून मिळतं. आणखी एक: नॉन-ओवर काम करता येत नाही. घरी शिकवणी घेणं हेही कामच धरलं जातं.

आता ज्या तीन गोष्टींची लोक गल्लत करतात त्या.

टीएम ३० म्हणजे "हा परदेशी माणूस माझ्या जागेत राहतो आहे" ही घरमालकाने इमिग्रेशनला दिलेली खबर. १९७९च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे ती २४ तासांत द्यायची असते. जबाबदारी मालकाची आणि दंडही कायद्याने त्यालाच, २,००० बाटपर्यंत. पण पावती नसेल तर मुदतवाढीच्या खिडकीवर अडतं तुमचं काम. म्हणून पावतीचा फोटो ताबडतोब मागून घ्यायचा. घर बदललं की नवीन टीएम ३०. परदेशात जाऊन त्याच पत्त्यावर परत आलात तर २०२० पासून सूट आहे, पण प्रत्येक कार्यालयाची रीत थोडी निराळी असते, तेव्हा आपल्या भागातल्या खिडकीवर एकदा विचारून घ्या.

टीएम ४७ म्हणजे ९० दिवसांचा रिपोर्ट. हा तुम्ही स्वतः करायचा, आणि याचा मुदतवाढीशी काहीही संबंध नाही. वर्षभराची मुदतवाढ हातात असली तरी सलग ९० दिवस देशात झाले की पत्ता कळवावा लागतो. तारखेच्या आधी १५ दिवस आणि नंतर ७ दिवस एवढी खिडकी उघडी असते. पहिला रिपोर्ट स्वतः जाऊन, त्यानंतरचे ऑनलाइन चालतात. मात्र ऑनलाइनला नंतरचे ७ दिवस धरू नका, तारखेच्या आतच करा. उशीर झाला आणि स्वतःहून गेलात तर २,००० बाट दंड. मधे देशाबाहेर गेलात तर मोजणी परत आल्याच्या दिवसापासून नव्याने सुरू होते. पासपोर्ट नवा झाला की ऑनलाइन यंत्रणा जुन्या नंबरमुळे अडते. आधी जुन्या पासपोर्टातले शिक्के नव्यात चढवून घ्यायचे आणि तो एक रिपोर्ट समक्ष द्यायचा.

टीएम ८ म्हणजे री-एंट्री परमिट. सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मुदतवाढ मिळाल्यावर हे न घेता देश सोडला की मुदतवाढ तिथेच संपते. गणपतीला चार दिवस घरी येऊन गेलात तरी! एका फेरीचं १,००० बाट, कितीही फेऱ्यांचं ३,८०० बाट. वर्षात चार किंवा अधिक वेळा बाहेर पडणार असाल तर दुसरं स्वस्त. मुदतवाढीच्याच दिवशी त्याच कार्यालयात काढून टाका. सुवर्णभूमी विमानतळावर निघतानाही मिळतं, पण रांगेचा भरवसा नसतो.

शिवाय १ मे २०२५ पासून देशात येताना प्रत्येक वेळी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही असं समजा.

मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट. ९० दिवसांपेक्षा जास्त झाले तर स्वतःहून निघालात तरी एक वर्ष प्रवेशबंदी, निघण्याआधीच पकडले गेलात तर किमान पाच वर्षं. शिक्क्यावरची तारीख फोनच्या कॅलेंडरात टाका.

सोई_ऑननुत

वरचं सगळं बरोबर. घराचं मी सांगते.

विजेच्या दरातला फरक इमारतीच्या प्रकारामुळे पडतो. कॉन्डो म्हणजे जिथे प्रत्येक सदनिकेचा मालक वेगळा. तिथे मीटर सरकारी वीजमंडळाचा असतो आणि बिल थेट येतं. बँकॉक, नोन्थाबुरी आणि समुत प्राकान इथे महानगर वीजमंडळ, बाकी देशात प्रांतीय वीजमंडळ. दर साधारण ४ ते ५ बाट युनिट. अपार्टमेंट म्हणजे अख्खी इमारत एकाच मालकाची. तो आत स्वतःचे मीटर लावतो आणि ७-८ बाट आकारतो. एसी चालवून महिन्याला ४०० युनिट जाळले तर थेट बिल १,६०० ते २,००० बाट, आणि ८ बाटने ३,२००. भाडं हजार बाटने कमी दिसतं ते असं वसूल होतं. जास्त खोल्या भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांना प्रत्यक्ष दरापेक्षा जास्त घेऊ नये असा ग्राहक संरक्षणाचा नियम आहे, तरी तो सगळे पाळतात असं नाही. म्हणून पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न: बिल कोणाच्या नावाचं येतं आणि मागच्या महिन्याचं दाखवाल का?

करार बहुतेक वर्षाचा, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ. "कंपनीने बदली केल्यास अमुक दिवसांची सूचना देऊन डिपॉझिटसह सुटता येईल" हे कलम सहीपूर्वी घालून घ्या, नंतर कोणी घालत नाही. करार थाई आणि इंग्रजी दोन्हीत असेल तर मतभेद झाल्यास कोणता मजकूर धरायचा ते लिहिलेलं असतं, ती ओळ शोधा.

करारावरच्या तारखा नीट वाचा. थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतं, इसवी सनात ५४३ मिळवले की ते येतं. २०२६ म्हणजे २५६९. दुधाच्या पिशवीवर नुसतं ६९ दिसलं तर तेही हेच.

ताबा घेताना भिंती, गादी, एसी, नळ आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला लाइन अ‍ॅपवर पाठवा. तिथे व्हॉट्सअ‍ॅप फारसं चालत नाही. मालक, इमारतीचं कार्यालय, एसीवाला सगळे लाइनवर. एसी दर सहा महिन्यांनी धुवून घ्या आणि पावत्या जपा. पावसाळ्यात न धुतलेल्या एसीतून पाणी गळतं, कपाटांना बुरशी धरते, आणि निघताना डिपॉझिट त्यातच कापलं जातं.

नळाचं पाणी पिऊ नका. इमारतीखाली पाणी भरायचं यंत्र असतं, नाहीतर मोठ्या बाटल्या घरपोच येतात.

नवखा_प्रवासी

दोघांचे मनापासून आभार. एक शंका. पाहिलेल्या दोन घरांचे मालक "टीएम ३० तुमचं तुम्ही बघा" म्हणतात. हे चालतं का?

बांगनाकर

चालतं, पण कागद हातात घेऊनच. मालक सहसा भाड्याच्या उत्पन्नावरच्या कराच्या धास्तीने टाळतात. भाडेकरूने मालकाच्या वतीने अर्ज देता येतो. त्यासाठी मालकाच्या ओळखपत्राची प्रत, घराच्या नोंदवहीची, म्हणजे "थबियन बान"ची प्रत, कॉन्डो असेल तर मालकीपत्राची प्रत, आणि भाडेकरार. प्रत्येक प्रतीवर मालकाची निळ्या शाईत सही हवी. प्रतीचा गैरवापर होईल ही त्यांची भीती रास्त असते, म्हणून "फक्त टीएम ३० साठी" असं आडवं लिहून सही करा असं तुम्हीच सुचवा. लगेच तयार होतात. हे सगळं पहिलं डिपॉझिट देण्याआधी. पैसे गेल्यावर मालक फोन उचलेल की नाही सांगता येत नाही.

ताटवाटी

खाण्यापिण्याचं लिहिते, आणि सुरुवात उच्चारापासून करते, कारण घोळ तिथेच होतो.

थाई शब्द रोमन लिपीत वाचू नका, देवनागरीत लिहून घ्या. थाईत क-ख, त-थ, प-फ हे भेद आपल्यासारखेच आहेत आणि रोमन लिपीत ते नीट उतरत नाहीत. "काइ" म्हणजे कोंबडी, "खाइ" म्हणजे अंडं. सूर दोन्हींचा एकच, फरक फक्त क आणि ख यांचा. तसंच "फेत" म्हणजे तिखट आणि "पेत" म्हणजे बदक. फ म्हणताना ओठ मिटलेले हवेत, फॅनमधला फ नव्हे. मराठी माणसाला हे आयतं येतं, त्याचा उपयोग करून घ्या.

"शाकाहारी" याला थाईत दोन शब्द आहेत. "मांगसविरात" म्हटलं की मांस नाही, पण अंडं आणि दूध येऊ शकतं. तुम्हाला हवा तो शब्द "जे". यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, शिवाय कांदा, लसूणही नाही. म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालेल असं. बटाटा, आलं मात्र असतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, दिसायला इंग्रजी सतरा आकड्यासारखं, ही खूण. ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवसांचा जे उत्सव असतो तेव्हा गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. जे दुकानात मांसासारखे दिसणारे तुकडे असतात, ते सोयाचे किंवा गव्हाच्या ग्लुटेनचे.

साध्या टपरीवर नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. मासळी रसात आणि वाटणात असते. म्हणायचं ते असं: "किन जे", मग "माइ साय नाम प्ला" (फिश सॉस घालू नका), "माइ साय नाम मान होय" (कालवांचा सॉस नको), "माइ साय खाइ". त्याऐवजी "सी इव खाव", म्हणजे पातळ सोया सॉस, किंवा "क्लुआ", म्हणजे मीठ, घाला म्हणायचं. पत्नीने शेवटी "खा" आणि तुम्ही "ख्रप" जोडा, त्याने बोलणं आर्जवी होतं. भाज्या परतून देणं त्यांना सहज जमतं. पण हिरवी, लाल करी मागूच नका: त्या वाटणात "कपि", म्हणजे कोलंबीचा खर्डा, आधीच मिसळलेला असतो, तो मागाहून काढता येत नाही. सोम तम या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोलंबी पडते, शिवाय खलबत्ता धुतलेला नसतो. सूपचं पाणी बहुधा हाडांचं.

घरच्यासाठी: डाळी, पोहे, मसाले, कणीक बँकॉकच्या फाहुरात बाजारात मिळतात, त्यामुळे त्यांनी बॅगा भरू नका. साध्या मंडईत भेंडी, कारलं, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा, चिंच, कोथिंबीर मुळांसकट आणि समोर खवून दिलेलं ओलं खोबरं. सोललेली मूगडाळ "थुआ थोंग" नावाने सुपरमार्केटात असते. ताडगूळ आमटीला चालतो, फक्त थोडा कमी घाला.

उकडीच्या मोदकांची पिठी घेताना जपा. तांदळाची पिठं दोन: "पेंग खाव चाव" साध्या तांदळाचं, "पेंग खाव निआव" चिकट तांदळाचं. तीन सोंडांच्या हत्तीचं चित्र असलेल्या पाकिटांत लाल छपाई साध्याची, हिरवी चिकटची. उकड साध्याचीच काढायची. पारी चिरत असेल तर वाटीभर पिठीला एक चमचा चिकट पीठ मिसळा, मऊ वळते. नुसत्या चिकट पिठाचे मोदक उकडताना बसतात.

वीजतंत्री

ताटवाटी ताई, एक भर: थाई साबुदाणा, "साखु", दिसायला आपल्यासारखा असला तरी तो कच्च्या स्टार्चचा असतो. खिचडीसाठी रात्रभर भिजवला तर दाणे विरघळून चिकट लगदा होतो. तो थेट उकळत्या पाण्यात सोडायचा, खिरीलाच चांगला. उपवासाचा साबुदाणा भारतीय दुकानातूनच घ्यावा.

उपकरणांबद्दल. तिथे २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून मिक्सर, इस्त्री चालतात. अडतो तो प्लग. आपली जाड तीन पिन तिथल्या सॉकेटात जात नाही. स्वस्त अडॅप्टर दोन पिनांचा असतो आणि अर्थिंग तोडून टाकतो. धातूच्या अंगाच्या मिक्सरला हे धोक्याचं. हार्डवेअरच्या दुकानातून थाई तीन पिनी प्लग घेऊन वायरवर बसवा. जुन्या इमारतीत तीन भोकांचं सॉकेट असूनही मागे अर्थची तार नसते, ते टेस्टरने तपासून घ्या. न्हाणीघरातला झटपट गीझर ३.५ ते ४.५ किलोवॅटचा असतो, त्यावरचं टेस्टचं बटण दाबून वीज तुटते का ते ताबा घेतानाच बघा. तुटली नाही तर मालकाला सांगून बदलून घ्या, तोवर वापरू नका.

उंच कॉन्डोत गॅस सिलिंडर सहसा चालत नाही, इंडक्शन असतं. साध्या अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणार नाही. घरी बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तरच तो कुकर आणि तवा बॅगेत टाका.