मदत हवी आहे : दुधाविना कॉफीबरोबर खायला काय ठेवावे?

नमस्कार. पुढच्या महिन्यात आमच्याकडे सकाळच्या वेळी काही ज्येष्ठ मंडळी जमणार आहेत आणि या खेपेस चहाला रजा देऊन तीन तऱ्हेची कॉफी करावी, असे घरात ठरले आहे: जायफळ घातलेली आपली दुधाची कॉफी, चिकोरी मिसळलेली दाक्षिणात्य फिल्टर कॉफी आणि आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यातील, कमी भाजलेल्या अरेबिका बियांची काळी कॉफी. अराकूच्या या अरेबिकाला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून ती पाहुण्यांना पाजायची इच्छा आहे.

पहिल्या दोहोंची चिंता नाही. जायफळाच्या कॉफीला शंकरपाळी आणि नानकटाई पुरेशी आहे. फिल्टर कॉफीबरोबर उपमा किंवा मेदूवडा चालेल, कारण मिठामुळे जिभेला जाणवणारा कडूपणा बराच मवाळ होतो.

अडले आहे ते काळ्या कॉफीपाशी. बिया कमी भाजल्या की त्यांचा आंबटपणा ठळक राहतो, आणि नेमका तोच आपल्या फराळाशी भांडतो. नारळाच्या वडीचा तुकडा खाऊन लगेच घोट घेतला, तर एरवी हलकी, फळांची आठवण करून देणारी ही कॉफी चिंचेच्या कोळासारखी आंबट लागते. चकलीची गत वेगळी: तिखटाने हुळहुळलेल्या जिभेला गरम कॉफी अधिकच झोंबते आणि तिचा नाजूक वास तळणीच्या वासापुढे टिकत नाही.

इथिओपियात कॉफीच्या पारंपरिक समारंभात मक्याच्या लाह्या किंवा भाजलेले जवाचे दाणे देतात, हे मला पटण्याजोगे वाटते, कारण भाजक्या धान्याचा खमंगपणा कॉफीच्या जातकुळीचाच आहे. त्या न्यायाने आपले फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या उत्तम ठरल्या असत्या. परंतु पाहुण्यांपैकी काहींना दातांमुळे कडक पदार्थ चालत नाहीत आणि लाह्यांची टरफले कवळीत अडकतात, ही तक्रार घरातूनच आधी आली. अरब देशांत फिकट भाजलेल्या, वेलची घातलेल्या कहव्याबरोबर खजूर देतात. इतका गोड खजूर तिथे चालतो आणि आपली नारळाची वडी मात्र का चालू नये, हे जाणकारांनी उलगडून सांगितल्यास बरे होईल. दोघांना मधुमेह असल्याने खजुराचे ताट मांडता येणार नाही, ही गोष्ट निराळी.

तेव्हा मऊ, बेताचा गोड, तळलेला नसलेला आणि ओव्हनशिवाय होणारा पदार्थ हवा आहे. मनात दोन आहेत: नेहमीपेक्षा निम्मा गूळ घातलेले सांदण आणि संत्र्याची साल किसून घातलेला, कढईत भाजलेला रव्याचा केक. सांदणातील नारळाच्या दुधाने कॉफीचा आंबटपणा दबेल की वडीसारखाच उठून दिसेल? संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा काळ्या कॉफीला पूरक ठरतो का, हेही कोणी करून पाहिले असल्यास कळवावे.

कॉफी कागदी गाळणीतून, २५० मिलिलिटर पाण्याला १५ ग्रॅम पूड या प्रमाणात करणार आहे. ती दुधाच्या कॉफीच्या आधीच द्यावी असे मला वाटते, कारण साखर-दुधाला सरावलेल्या जिभेला ती उगाच कडू लागेल. वेगळा अनुभव असल्यास तोही सांगावा.