गादी सरकली की ऑपरेशनच का?

निरंजन:
माझं मत सरळ मांडतो. मणक्याची गादी सरकते, कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरते, एमआरआयच्या रिपोर्टात 'नस दबली आहे' असं येतं आणि घरात लगेच ऑपरेशनची तारीख ठरवायची घाई सुरू होते. ही घाई मला मान्य नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जो १९९४ साली प्रसिद्ध झाला, कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची एक तरी गादी फुगलेली निघाली, आणि दुखत कुणाचंच नव्हतं! मग नुसत्या रिपोर्टवर सुरी कशी चालवायची? शिवाय सरकलेला तुकडा पुष्कळदा शरीरच शोषून घेतं, सुटून पडलेला मोठा तुकडा तर जास्तच. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. किमान सहा आठवडे तरी द्या.

मृण्मयी:
थांबा म्हणणं ज्याचं दुखत नाही त्याला सोपं असतं. नेदरलँड्समधला २००७ चा अभ्यास बघा. सहा ते बारा आठवडे सायटिका, म्हणजे हीच पायात उतरणारी कळ, सोसलेले २८३ रुग्ण, काहींचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना वाट बघायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांतले निम्मे चार आठवड्यांत बरे झाले. थांबलेल्यांना तेच गाठायला बारा आठवडे लागले. या मधल्या दोन महिन्यांत माणसाला धड बसता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, शिंक आली तरी पायात वीज चमकते. याची काही किंमत धरणार की नाही?

निरंजन:
त्याच अभ्यासाचा पुढचा भागही सांगा ना. वर्ष संपताना दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनाच वर्षभरात ऑपरेशन लागलं. बाकीच्यांचं टळलं, आणि ऑपरेशन म्हटलं की जंतुसंसर्ग, मज्जारज्जूभोवतीचं आवरण फाटणं, तीच गादी पुन्हा सरकणं हे धोके थोडे का होईना, आलेच.

सुहास_क:
तुम्ही दोघं फक्त दुखण्याचा हिशोब करताय. माझ्या भावाचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात कमी झालं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. पण चालताना त्याची उजवी चप्पल पायातून निसटायची, आणि त्याला ते कळायचंही नाही. अंगठा वर उचलायला सांगितला तर नुसता थरथरायचा. कळ थांबली होती, पण नस सुधारली म्हणून नव्हे, ती काम करेनाशी झाली होती. ऑपरेशन झालं, पाऊल बऱ्यापैकी उचलतं आता, पूर्ण नाही. 'सहा आठवडे थांबा' हे वाक्य अशा माणसाच्या हाती पडलं तर काय होईल?

फिजिओताई:
सुहास, नेमकं बोललात. निरंजन, तुमचा सल्ला ताकद शाबूत असेल तोवरच लागू आहे, हे वर ठळक लिहायला हवं होतं. टाचांवर चालून बघायचं, मग चवड्यांवर. एका बाजूला जमत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आणि दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागाला बधिरता आली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर चर्चाच नको, तडक हॉस्पिटल. मणक्याच्या तळाचा नसांचा सगळा जुडगाच दबलेला असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात.

निरंजन:
मान्य. ताकद कमी होत असेल तर माझा मुद्दा लागू नाही. लघवीच्या तक्रारीत तर मुळीच नाही.

अवधूत:
'ऑपरेशन' हा एकच शब्द वापरल्यामुळे गोंधळ होतोय. दुर्बिणीतून छोट्या छेदातून नसेवर बसलेला तेवढा तुकडा काढणं वेगळं आणि स्क्रू-रॉड घालून मणके जोडून टाकणं वेगळं. पहिल्याने पायाची कळ जाते. नुसती कंबर दुखते म्हणून दुसरं करून घेणाऱ्यांनी मात्र शंभर वेळा विचार करावा, आणखी एका सर्जनचं मत घ्यावं. इथे मी निरंजनच्याही पुढे जाऊन थांबा म्हणेन.

मृण्मयी:
अवधूत, मणके जोडण्याबद्दल तुमच्याशी सहमत. पण पायाच्या कळेसाठी नुसतं थांबत राहण्यालाही मर्यादा आहे. कॅनडातल्या २०२० च्या अभ्यासात चार ते बारा महिने सायटिका असलेले १२८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी शून्य ते दहाच्या मापावर पायाचं दुखणं ऑपरेशन झालेल्यांत २.८ होतं, बाकीच्यांत ५.२. निरंजन, तुमच्या सहा आठवड्यांशी माझं भांडण नाहीच. पण त्यानंतरही 'अजून थोडं बघू' म्हणत महिने घालवणारे घरोघरी आहेत, आणि तुमचा धागा वाचून त्यांना बळ मिळेल.

निरंजन:
सहा आठवड्यांनंतर कळ हळूहळू का होईना उतरत असेल, तर मी अजूनही थांबायलाच सांगेन. तसूभरही हलत नसेल तर सर्जनकडे जा, हेही मी म्हणतो.

मृण्मयी:
उतरत असली तरी रात्रीची झोप परत येत नसेल तर निर्णय रुग्णाने घ्यावा. ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. इथे आपलं पटणार नाही.