प्लॉटिनस: आत्म्याचा एक भाग वरच राहतो म्हणजे काय?

वावरवाचक (यवतमाळ जिल्हा)
रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याला ओलित करताना धुऱ्यावर बसून मोबाइलवर प्लॉटिनस वाचतो. इ.स. २७० मध्ये वारलेला, ग्रीकमधून लिहिणारा हा तत्त्वज्ञ म्हणतो, 'एक', म्हणजे साऱ्याचं मूळ, हा असा झरा ज्याला दुसरा उगम नाही. साऱ्या नद्यांना पाणी देतो, तरी आटत नाही. आमची विहीर मार्चातच तळ दाखवते, म्हणून हे वाक्य मनात रुतलं. एकातून बुद्धी, बुद्धीतून आत्मा, इथवर समजलं. पण आत्मा पुरता खाली देहात उतरतच नाही, त्याचा एक भाग वरच राहतो, हे कसं? बाबा गेले तेव्हा माझं तर सारंच कोसळलं होतं.

पैनगंगाकाठ
भाऊ, तो भाग बुद्धीतच असतो, पण देहाच्या गलबल्यात आपल्याला त्याची जाणीव होत नाही. त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो, तो सोबत असताना गुरूंना त्या 'एका'शी ऐक्य चारदाच लाभलं. चारदाच!

निवृत्त मास्तर
त्याच परंपरेतल्या, नंतरच्या इआम्ब्लिकस या तत्त्वज्ञाने हे नाकारलं. आत्मा पूर्ण उतरतो, म्हणून नुसतं चिंतन पुरत नाही, विधी लागतात. त्याच्याही नंतरचा तत्त्वज्ञ प्रोक्लसही त्याच मताचा. मला हेच पटतं.

वावरवाचक
मास्तर, बाबांच्या तेरवीत मीही नुसता विधी करत गेलो, कळत काही नव्हतं. तरी त्या संध्याकाळी पहिल्यांदा शांत झोप लागली. इआम्ब्लिकस कुठून वाचायला घेऊ?