मदत हवी आहे : झडप किंचित अरुंद असताना टूडी इको पुन्हा केव्हा करावा?

नमस्कार. आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू आल्यामुळे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि सौम्य एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप किंचित अरुंद, असल्याचे समजले. झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २.४ मीटर आणि इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) ६० टक्के, म्हणजे व्यवस्थित, होते. पुढच्या महिन्यात त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे; नेत्रालयाने मात्र जुना रिपोर्ट चालणार नाही, नवा इको आणा, असे सांगितले आहे.

आमच्या वन्संचे म्हणणे असे की, सुईसुद्धा टोचावी लागत नाही, तर करून टाकावा. ते खरेच आहे. परंतु मागच्या रिपोर्टात ‘ट्रिव्हिअल एमआर’ (दुसऱ्या एका झडपेतून नगण्य गळती) एवढे दोन शब्द आले होते आणि त्यानंतर कित्येक आठवडे सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या दोन झडपा गेल्याचे सांगत होत्या. अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार, झडप सौम्य अरुंद असेल आणि प्रकृतीत बदल नसेल, तर तीन वर्षांच्या आत केवळ नियमित पाहणी म्हणून इको करणे योग्य ठरत नाही, असे माझ्या वाचनात आले. मग नेत्रालयाला नकार द्यावा का?

एक गोष्ट सांगायची राहिली. दिवाळीपासून त्या जिना चढताना मध्येच थांबतात. विचारले की गुडघ्यांचे नाव सांगतात.

प्रतिसाद (निवृत्त फिजिशियन) :

ताई, आपण शेवटी लिहिलेली गोष्ट पहिली लिहायला हवी होती. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला मोतीबिंदूसाठी इको सहसा लागत नाही, कारण डोळ्यापुरती भूल देऊन केलेल्या या शस्त्रक्रियेचा हृदयावर फारसा ताण येत नाही. परंतु आपण वाचलेल्या निकषातली ‘प्रकृतीत बदल नसेल’ ही अट येथे पुरी होते की नाही, हाच प्रश्न आहे. सासूबाई गुडघेदुखीमुळे थांबत असतील तर घाई नाही. सौम्य विकारात तीन ते पाच वर्षांनी तपासणी पुरते. दम लागून थांबत असतील, चालताना छातीत दाब किंवा घेरी येत असेल, रात्री आडवे झाल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागत असतील, तर दोनच वर्षे झाली असली तरी इको करावा आणि तो मोतीबिंदूसाठी नव्हे, झडपेसाठी करावा. त्याआधी फिजिशियनकडून नाडी, मर्मर आणि पायांवरची सूज तपासून घ्यावी, हिमोग्लोबिनही पाहावे. रक्त कमी असले तरी दम लागतो आणि झडपेतला वेगही वाढलेला दिसतो. जुना रिपोर्ट बरोबर न्यावा, कारण एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक अधिक सांगतो.

धागाकर्ती :

आभारी आहे. आज मुद्दाम त्यांच्याबरोबर जिना चढले. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. मी बोलत राहिले, त्यांना उत्तर देता येईना. हात गुडघ्यावर नव्हता, कठड्यावर होता. उद्या सकाळची फिजिशियनची वेळ घेतली आहे.