रविवारी आईबाबांना जेवायला कुठे नेऊ?

ब-३०२: सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. गावाहून आईबाबा आलेत. रविवारी बाबांना ७५ पूर्ण होतायत, तर सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जावं म्हणतेय. शाकाहारी हवं. आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना मोठ्या आवाजातली गाणी सहन होत नाहीत. ठाण्यात किंवा जरा लांबही चालेल. सुचवा ना.

अ-२०१: घोडबंदर रोडला मॉलमध्ये बरीच आहेत. बुफे पण मिळेल.

ड-१०४: बुफे नको गं. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ताट हातात धरून चार फेऱ्या मारायच्या, याला वाढदिवसाचं जेवण कसं म्हणायचं?

क-५०२: काकांशी सहमत. गेल्या महिन्यात आम्ही सासूबाईंना घेऊन एका मॉलमध्ये गेलो होतो. टोकन घेऊन ५० मिनिटं बाहेर. बसायला स्टूल दोनच. आत गेल्यावर मेनूकार्डच नाही, फोनवर कोड स्कॅन करा म्हणाले. सासूबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, ‘यांच्याकडे आहे काय काय?’ वर बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला.

अ-२०१: तो द्यावाच लागतो ना वहिनी?

क-५०२: नाही हो. जीएसटी द्यावा लागतो, तो कर आहे. सर्व्हिस चार्ज हॉटेलवाल्याचा स्वतःचा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले होते, पण दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये प्राधिकरणाचंच म्हणणं मान्य केलं. काढायला सांगायचं, नाही काढला तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करायची. आम्ही काढायला लावला, पण वाद घालण्यात पंधरा मिनिटं गेली आणि सासूबाईंचा चेहरा उतरला. टिप द्यायला माझी कधीच ना नसते. ती वाढणाऱ्याच्या हातात द्यावी.

ड-१०४: वहिनी, वाढणाऱ्याचं नाव काढलंत म्हणून जरा मोठं लिहितो.

मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपला ३१ वर्षं होतो. माटुंगा स्टेशनाला लागूनच ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालचं. पगार झाला की आम्ही चौघं तिथे. जिना चढून वर जायचं, कूपन घ्यायचं, जागा मिळेल तिथे बसायचं. शेजारी कोण ते बघायचं नाही. पुढ्यात केळीचं पान यायचं. त्यावर पाणी शिंपडून हाताने निपटायचं, की वाढप सुरू. भात पडला की त्याचं आळं करायचं आणि त्यात रसम घ्यायचं. रसम पातळ असतं. बांध कच्चा राहिला तर ओघळ पानाच्या कडेवरून सरळ मांडीवर. हे मला तिथल्या एका वयस्कर वाढप्याने शिकवलं. वाटी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, ‘आधी भात दाबा, मग मी ओततो.’ आजही घरी आमटी मी तशीच घेतो.

१९८८ साली आईला तिथे नेलं. तोवर तिने हॉटेलात चहासुद्धा घेतला नव्हता. काष्टा सावरत जिना चढली. पान आल्यावर तिने पानाला नमस्कार केला. समोर एक अनोळखी गृहस्थ बसले होते, त्यांनी तेवढा वेळ हातातला घास हातातच ठेवला. जेवण झाल्यावर ती सवयीने स्वतःचं पान उचलायला निघाली, तर वाढपी लगबगीने आला. ‘अम्मा, राहू दे, राहू दे.’ परतीच्या गाडीत ती काही बोलली नाही. मुलुंड गेल्यावर म्हणाली, ‘त्यांनी मला भात परत विचारला रे. दोनदा.’

घरात ती सगळ्यांत शेवटी बसायची. तिला कुणी परत वाढल्याचं मला आठवत नाही. मीही वाढलेलं नाही.

तेव्हापासून माझी हॉटेलची परीक्षा एवढीच. वाढणाऱ्याचं लक्ष पानाकडे आहे का?

क-५०२: काका, डोळ्यांत पाणी आलं.

अ-२०१: बुफेची सूचना मागे घेतो.

ब-३०२: काका, खूप छान लिहिलंत. पण जिना म्हणालात. आईला जमेल का? आणि रविवारी गाड्यांचं काय?

ड-१०४: तेच सांगणार होतो. माटुंग्याला स्लो गाडीच थांबते आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. म्हणून रविवारी नकोच. मधल्या वारी न्या, घाई नाही, गर्दी नाही.

अ-४०३: मग रविवारी मामलेदार! ठाण्यात येऊन मामलेदारची मिसळ खाल्ली नाही तर बाबा गावाला जाऊन सांगणार काय?

ब-३०२: तिखट असते ना फार?

अ-४०३: ताई, मीडियम मागवा. तिखट सांगितलं तर पहिल्या दोन घासांना काही कळत नाही, तिसऱ्याला कानातून वाफ निघते. तरीचा लाल थर वर असतो, पाव आधी त्यात बुडवायचा नाही, खालून रस्सा घ्यायचा. शेजारी ताक ठेवायचं. मूळचं दुकान तहसील कचेरीपाशी, म्हणून नाव मामलेदार. नोकरी लागली त्या दिवशी मी एकटाच तिथे जाऊन खाऊन आलो होतो, घरी फोन नंतर केला. आठ वाजता गेलात तर उभं राहावं लागणार नाही.

क-५०२: दादरचं आस्वाद पण लक्षात ठेवा, ताई. १९८६ पासूनचं. त्यांच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला पुरस्कार मिळाला होता, पण मी सांगेन थालीपीठ घ्या. लोण्याचा गोळा वर ठेवून येतं, तो वितळून भोकात उतरेपर्यंत थांबायचं. टॅक्सी दारापर्यंत जाते, आईंना चालावं लागणार नाही. बाहेर मात्र रांग असते, साडेअकराच्या आत पोहोचा.

अ-२०१: वहिनी, मिसळीचं दुसरं गाव काढू नका. ठाणं ते ठाणं.

ब-३०२: 🙏 ठरलं. रविवारी सकाळी आठला मामलेदार, मग मासुंदा तलावाला एक चक्कर, तिथे बाक आहेत, आई बसेल. दुपारी घरीच वरणभात आणि शिरा, बाबांना तोच आवडतो. काका, अजून एक. तुमचा मेसेज मी आईला वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. आता ती विचारतेय, त्या जिन्याला पायऱ्या किती? आणि कठडा आहे का?

ड-१०४: पायऱ्या कधी मोजल्या नाहीत बघ. तेव्हा गुडघे चांगले होते. उद्या तसंही माटुंग्याला पेन्शनच्या कामाला जायचंय. मोजून येतो. कठडा कुठल्या हाताला आहे तेही बघतो. आईंचा कुठला गुडघा जास्त दुखतो?

ब-३०२: उजवा.

ड-१०४: बरं.