वरच्या मजल्यावरून खालच्या पीसीचा शेअर फोल्डर उघडत नाही, आणि पिन बरोबर असून 'पासवर्ड चुकीचा'

रियाज_लश्कर

नमस्कार. मी ग्वाल्हेरला दौलतगंजात राहते, घरीच गाण्याचा क्लास घेते. कंप्युटरचं ज्ञान मुलगा फोनवर सांगेल ते करण्यापुरतं. पण तो सध्या परदेशी आहे. मी मोकळी होते तेव्हा तो झोपलेला असतो.

वडिलांच्या तालमीच्या १४० कॅसेट आहेत, बहुतेक साठ मिनिटांच्या. दोन वर्षं खपून त्या मी खालच्या पीसीवर उतरवल्या. पीसी विंडोज १० चा आहे. मुलाने दिवाळीत तो फोल्डर शेअर करून दिला. आता क्लास वरच्या मजल्यावर हलवलाय, तिथे नवा विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. मुलींना एखादी चीज ऐकवायची म्हटलं की पेन ड्राइव्ह घेऊन जिना उतरा, परत चढा. आमच्या जिन्याच्या पायऱ्या कशा आहेत ते जुन्या वाड्यात राहिलेल्यांना सांगायला नको.

वरून 'घरपीसी' हे नाव टाकलं की रस्ताच सापडत नाही म्हणतो, शेवटी ८००७००३५ असा आकडा. लॅपटॉप खाली नेला तर पीसी दिसतो, पण नाव आणि पासवर्ड मागतो. रोज ज्या पिनने पीसी उघडते तोच देते, तर चुकीचा म्हणतो. वीसदा तरी दिला असेल.

इंटरनेट दोन्हीकडे झकास. भिंती दगडी, हातभर जाड, वर वायफाय पोचत नव्हतं, म्हणून खालून केबल ओढून वर दुसरा राऊटर बसवलाय. बसवणारा म्हणाला, नेट चालतंय म्हणजे सगळं ठीक आहे.

तारवाला_इंदूर

ताई, तुमचे दोष दोन आहेत आणि तुम्ही त्यांना एक समजताय. वर न दिसणं वेगळं, खाली पासवर्ड न चालणं वेगळं.

दोन्ही मशीनवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'आयपीकॉन्फिग' टाका आणि आयपीव्ही४ समोरचा आकडा, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, इथे लिहा. शिवाय खालून आलेली केबल वरच्या राऊटरच्या कुठल्या भोकात आहे तेही बघा.

रियाज_लश्कर

पीसी १९२.१६८.१.७. लॅपटॉप वर असताना १९२.१६८.०.१०२. केबल निळ्या भोकात आहे, बाकीची चार पिवळी रिकामी.

झटपट_बडोदा

एवढा काथ्याकूट कशाला? विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (फाइली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, फोल्डरला 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्या. माझं दहा वर्षं असंच चाललंय.

तारवाला_इंदूर

दादा, तुमचं चाललंय यात तुमचं नशीब मोठं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो ह्याच एसएमबी १ च्या भोकातून. त्याच वर्षापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये तो मुळात बसवलेलाच नसतो. विंडोज १० आणि ११ आपसात एसएमबी ३ बोलतात, इथे त्याची गरजच नाही. शिवाय २४एच२ आवृत्तीपासूनचं विंडोज ११ प्रो बिनपासवर्डचा पाहुणा म्हणून दुसऱ्याकडे जायलाच तयार नसतं. आणि 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल म्हणजे क्लासमधल्या एखाद्या मुलीचा हात चुकून डिलीटवर गेला की दोन वर्षांचं काम साफ.

ताई, आता वरचा दोष. तुमच्या आकड्यांत तिसरी जागा बघा: खाली १, वर ०. म्हणजे वरच्या राऊटरने आपलं स्वतंत्र बिऱ्हाड थाटलंय. निळं भोक हे त्याचं बाहेर जायचं दार. इंटरनेटसाठी त्याला तेवढं पुरतं, पण 'घरपीसी कोण?' ही हाक त्या दाराबाहेर जात नाही. गंमत म्हणजे नावाऐवजी आकडा टाकलात, दोन उलटे तिरके दांडे आणि पुढे १९२.१६८.१.७, तर वरूनही पीसी बहुधा सापडेल.

कायमचा उपाय: वरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (यात तो वेगळं बिऱ्हाड न थाटता नुसतं वायफाय पसरवतो) असेल तर तो निवडा. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. हा पत्ता आणखी कुणाकडे नाही ना ते बघून घ्या. मग त्याचं डीएचसीपी (मशीनना पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि केबल निळ्यातून काढून पिवळ्यात खोचा. लॅपटॉपवर हे वायफाय 'प्रायव्हेट' आहे ना तेही पाहा. नवीन वायफाय जोडलं की विंडोज ते 'पब्लिक', म्हणजे परकं, धरतं.

अक्षर_मोजणी

पासवर्डचं मी सांगते, माझ्या आईकडे हेच झालं होतं. पिन हा पासवर्ड नव्हे. तो त्या एका मशीनसमोर बसणाऱ्यासाठी असतो, नेटवर्कवरून चालत नाही. तुमच्या मुलाने पीसी मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर लावला असणार, तर खरा पासवर्ड त्या खात्याचा. तो त्यालाही आठवेल असं नाही.

त्यापेक्षा पीसीवर नवं साधं खातं काढा. मायक्रोसॉफ्टशिवाय खातं काढायचा पर्याय खाली बारीक अक्षरात असतो. त्याला पासवर्ड द्याच, रिकामा ठेवलात तर विंडोज बाहेरून आत घेत नाही. मग फोल्डर त्या खात्याला शेअर करा, फक्त 'रीड'. लॅपटॉपवर नाव लिहिताना आधी पीसीचं नाव, उलटा तिरका दांडा, मग खात्याचं नाव. जुने चुकीचे पासवर्ड लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) आधी काढून टाका, नाहीतर लॅपटॉप तेच पुन्हापुन्हा देत राहतो.

रियाज_लश्कर

झालं! ॲक्सेस पॉइंटचा पर्याय सापडला नाही, म्हणून पत्ता बदलून केबल पिवळ्यात घातली. राऊटरचं पान आधी उघडेना, कारण त्याचा पासवर्ड बसवणाऱ्याने राऊटरच्याच पोटावर चिकटवला होता आणि राऊटर भिंतीला स्क्रूने ठोकलेला. भाच्याने स्टुलावर चढून, मोबाइल उलटा धरून फोटो काढला, तेव्हा वाचता आला.

'तालीम' नावाचं खातं काढलं. पहिल्यांदा परत 'चुकीचा' आला, मग अक्षरताईंचं वाक्य आठवलं. मॅनेजरमध्ये माझ्याच नावाच्या तीन नोंदी होत्या. त्या उडवल्या आणि आत गेले. कॅसेट ३७ लावली, भैरवीतला टप्पा. चौदाव्या मिनिटाला खाली सायकलची घंटा वाजते, तो आमचा दूधवाला. तीसुद्धा वर स्वच्छ ऐकू आली.

आता सगळंच लॅपटॉपवर घ्यावं म्हणून कॉपी लावली तर सहा तास दाखवतोय. आणि मध्येच लाइट गेली, कॉपी अडकली.

तारवाला_इंदूर

वेव्ह (न दाबलेल्या आवाजाच्या) फाइली असतील तर एका मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे १४० तासांचे ८४ जीबी. सहा तास वायफायमुळे लागतायत. लॅपटॉप एकदाच खाली न्या आणि खालच्या राऊटरला केबलने जोडा. साध्या १०० एमबीपीएसच्या भोकातूनही दोन-सव्वादोन तासांत उरकेल.

लाइटचं म्हणाल तर पीसी इन्व्हर्टरवर आहे का? असेल तर दोन्ही राऊटरही त्यावरच घ्या. लाइट गेल्यावर पीसी चालू राहिला तरी मधला राऊटर विझला की कॉपी तुटणारच.

रियाज_लश्कर

पीसी आहे, राऊटर नव्हते. भाचा परत स्टुलावर चढलाय.