एल्कला मराठीत काय म्हणावं?

मुलांच्या मासिकासाठी अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानावर लेख लिहितेय. तिथल्या 'एल्क' या मोठ्या हरणासाठी कुणी सांबर सुचवतं, कुणी बारशिंगा. शिवाय सप्टेंबरात नर जो आवाज काढतो, त्याला काय म्हणू? 'डरकाळी' काही पटत नाही.

— सांबर नकोच. घोळ मुळात इंग्रजांचा. युरोपात एल्क म्हणजे मूस, हरणांच्या कुळातला सगळ्यांत थोराड प्राणी. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी ते नाव भलत्याच हरणाला दिलं, आणि सिलोनमधल्या शिकारी साहेबांनी तर सांबरालाच एल्क करून टाकलं! सांबर दाट रानातलं, एकटं-दुकटं हिंडणारं. एल्क हिवाळ्यात उघड्या माळावर शेकड्यांनी चरताना दिसतील.

— बारशिंगाही नाही, तो कान्हाच्या गवताळ कुरणांतला. आपल्याकडचा एल्कचा खरा भाऊबंद म्हणजे काश्मीरचा हंगूल. श्रीनगरजवळच्या दाचीगामात तो मुख्यतः उरलाय; २०२३च्या गणनेत २८९ भरले. पण म्हणून त्याचं नाव एल्कला देऊ नका, मुलांना वाटेल हंगूल अमेरिकेत रग्गड आहेत. 'एल्क'च ठेवा.

— आवाजाबद्दल : 'शीळ घालतो' म्हणा. घोगऱ्या सुरात सुरू होतो, चढत चढत बारीक शीळ होते आणि शेवटी दोन-चार हुंकार. माजावर आलेला नर माद्यांचा कळप राखताना असा ओरडतो. आणखी एक, एल्कची शिंगं 'तुटतात' असं लिहू नका, ती दरवर्षी गळतात. काळविटाची, गव्याची जन्मभर राहतात. नवी शिंगं फुटताना त्यांवर मखमली कातडी असते, ती नर झाडाला घासून काढतो.

— लिंगाचं काय? हरीण, सांबर नपुंसकलिंगी. पण 'एल्कं' कानाला खटकतं.

— पुल्लिंगी करा. तो एल्क, ते एल्क, एल्कची मादी.

आभार! लेखात अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या नॅशनल एल्क रेफ्यूज या एल्कच्या अभयारण्याचाही उल्लेख आहे. १९१२ साली स्थापन झालेलं. तिथे हिवाळ्यात 'अल्फाल्फा'च्या गोळ्या घालतात...

— अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, गाईम्हशींना घालतो तोच. पण 'एल्कची सोय झाली' एवढ्यावर थांबू नका. चाऱ्यापाशी दाटी झाली की रोग झपाट्याने पसरतो. हरणांना झिजवून मारणाऱ्या मेंदूच्या एका असाध्य रोगाची तिथे धास्ती आहे, आणि चारा घालणं बंद करावं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे.